मस्टर धरणारा हात आधी शिकवा : विदर्भातील नव्या सरकारी कंत्राटदारासाठी कायदेपालनाच्या प्रशिक्षणाची वाट

जिल्हा परिषदेचे, सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जलजीवन मिशनचे पहिले काम हाती आले की नवा कंत्राटदार मिक्सर, सळई आणि पैशाची जुळवाजुळव यांच्या मागे लागतो, आणि ते स्वाभाविकही आहे. कायद्याचे पालन म्हणजे देयक सादर करताना कर सल्लागाराने जोडून द्यायचे कागद, अशी त्याची समजूत असते. गेली अनेक वर्षे यवतमाळ आणि वाशिम जिल्ह्यांत लहान कंत्राटदारांचे मस्टर (मजुरांचे हजेरीपत्रक), देयके आणि कामगारांची कागदपत्रे सांभाळण्याचे काम मी करत आलो आहे. अडकलेल्या देयकाची फाइल उलगडून पाहिली की चुकीची सुरुवात बहुतेक वेळा साइटवर, मस्टर हातात धरणाऱ्या मुकादमापाशी झालेली आढळते, आणि त्या मुकादमाला कोणी कधी काही शिकवलेलेच नसते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. एका गावातील समाजमंदिराच्या कामाचे ऑगस्ट-सप्टेंबरचे मस्टर तपासणीसाठी मागवले गेले. ते मी स्वतः, मुकादमाने तोंडी सांगितलेल्या आकड्यांवरून, महिना संपल्यावर एका बैठकीत भरले होते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी पान उघडले, एका तारखेवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, ‘‘पोळ्याच्या दिवशी तुमची तेवीसच्या तेवीस माणसे कामावर होती?’’ विदर्भातील कोणत्याही खेड्यात पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू चढत नाही आणि माणसाच्या हातात घमेले येत नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही ठाऊक होते. एका तारखेमुळे सगळ्या पानांवरचा विश्वास गेला. ज्या मजुरांनी खरोखर राबून काम केले होते, त्यांची हजेरीही संशयाखाली आली आणि देयक कित्येक महिने लांबले. चूक माझी होती. या लेखातील क्रम त्या चुकीतून तयार झालेला आहे.

निविदेचा संच घरी बसून वाचा

महाटेंडर्सच्या संकेतस्थळावरून निविदा उतरवल्यावर बहुतेक जण थेट दरांच्या अनुसूचीकडे जातात. बी-१ नमुना टक्केवारी दराचा आणि बी-२ नमुना बाबनिहाय दराचा, एवढे समजले की किती टक्के खाली जायचे याचा हिशेब सुरू होतो आणि पुढची पन्नास-साठ पाने तशीच राहतात. कंत्राटदारावर पुढे दोनतीन वर्षे जे बंधन राहणार असते, ते त्याच पानांत असते. एक दोनशे पानी वही घ्यावी आणि कामगार, सुरक्षा, विमा, गौण खनिज (मुरूम, वाळू, खडी), साहित्य चाचणी आणि दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर दोष निघाल्यास कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) यांच्या प्रत्येक अटीसमोर तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात: काय करायचे आहे, कोणी करायचे आहे आणि कोणत्या दिवसापर्यंत. विमा कोणाकडून काढायचा हेही अटीतच सापडते. राज्य शासनाच्या कामांत तो शासनाच्या विमा संचालनालयाकडून काढण्याची अट पुष्कळदा असते, आणि बाहेरच्या कंपनीची पॉलिसी दाखवून भागत नाही.

देयकातून होणाऱ्या कपातीही याच वहीत उतरवाव्यात. बांधकाम कामगार कल्याणासाठी १ टक्का उपकर कापला जातो. कंत्राटाची किंमत अडीच लाखांच्या वर असेल तर वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात होते. आयकराची कपात वैयक्तिक कंत्राटदारासाठी १ टक्का आणि भागीदारी संस्था किंवा कंपनीसाठी २ टक्के असते. सुरक्षा ठेव वेगळीच. या रकमा आधीपासून डोळ्यांसमोर असल्या की चुकाऱ्याच्या, म्हणजे मजुरी वाटण्याच्या, दिवशी मजुरांचे पैसे अडवण्याची वेळ येत नाही.

‘‘माझ्याकडे पंधरा माणसे आहेत, मला कुठला कायदा लागतो?’’ असे नवे कंत्राटदार मला नेहमी विचारतात. किमान वेतन एका मजुरालाही लागू असते. बांधकाम कामगारांविषयीच्या तरतुदी दहा कामगारांपासून, भविष्य निर्वाह निधी वीस कामगारांपासून, आणि कर्मचारी राज्य विमा योजना दहा कामगारांपासून लागू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कामगार कायद्यांची जागा चार संहितांनी घेतली असून, कंत्राटी कामगारांसाठीचा परवाना त्यांत पन्नास कामगारांपासून आवश्यक आहे. निविदेच्या छापील अटींत मात्र १९७० चा कंत्राटी कामगार अधिनियम आणि १९९६ चा बांधकाम कामगार अधिनियम ही जुनी नावे दिसत राहतील. म्हणून कोणती नोंदवही कोणत्या नमुन्यात ठेवायची हे कार्यारंभ आदेश मिळताच जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्यावे आणि पोच जपून ठेवावी.

आधी स्वतः शिका

त्यासाठी नागपूरला जाऊन महागडे शिबिर करण्याची गरज नाही. भविष्य निर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हा कार्यक्रम घेते. तेथे नव्या आस्थापनेची नोंदणी, कामगाराचा यूएएन (निधी खात्याचा कायमचा) क्रमांक, आधारवरील नाव आणि पासबुकावरील नाव यांतील फरक अशा गोष्टी अधिकाऱ्यांसमोर बसून सोडवता येतात. जाताना प्रश्न लिहून न्यावेत आणि सोबत हिशेब पाहणाऱ्या माणसालाही न्यावे, कारण दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा त्यालाच करायचा असतो. एकाच फेरीत समाधान झाले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा जावे. असा वेळ कधी वाया जात नाही.

कोणाला काय शिकवायचे हे यानंतर ठरवता येते. सगळ्यांना सगळे सांगू नये. हिशेबनिसाला भरण्याच्या तारखा आणि नोंदवह्या, ट्रॅक्टर-टिप्पर चालकाला वाहतूक पास, मजुराला त्याची रोजी, त्याचा हक्क आणि त्याच्या जिवाची काळजी एवढे पुरेसे असते. मुकादमाला मात्र या सगळ्यांतले थोडे थोडे आणि मस्टर पूर्ण यायला हवे. कामाच्या पहिल्या दिवसाआधीचा अर्धा दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवावा, आणि त्या अर्ध्या दिवसाची रोजी त्याला द्यावी.

मस्टर

मुकादम चौथी शिकलेला असो वा बारावी, त्याला कायद्याचे पुस्तक वाचून दाखवू नये. त्याच्यासमोर कोरे मस्टर ठेवावे, हातात पेन द्यावे आणि त्याच्याच टोळीतील दहा नावे त्याच्याकडून लिहून घ्यावीत. आधार कार्डावर जसे आहे तसेच नाव लिहायचे, हा पहिला धडा. आपल्याकडे ‘बेबी’, ‘पांडू’, ‘बाळ्या’ या नावांनीच माणूस आयुष्यभर ओळखला जातो, आणि पुढे निधी काढताना किंवा भरपाई मागताना कार्डावरची ‘शांताबाई’ ही मस्टरमधलीच ‘बेबी’ आहे हे सिद्ध करता करता कुटुंबाच्या चपला झिजतात. नाव, वय, गाव, बँक खाते आणि वारसाचे नाव पहिल्याच दिवशी एका पानावर घ्यावे. वय अठराच्या आत वाटले तर शाळेचा दाखला पाहावा आणि दाखला नसेल तर कामावर घेऊ नये. सुटीत वडिलांबरोबर आलेला मुलगा ‘‘नुसते पाणी मारतो’’ असे सांगितले जाते. तेही चालत नाही, हे मुकादमाला एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.

दुसरा धडा वेळेचा. हजेरी सकाळी काम सुरू होण्यापूर्वी भरायची. दुपारी नाही, चुकाऱ्याच्या दिवशी तर नाहीच. गैरहजर माणसाच्या चौकटीत त्याच वेळी आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून तेथे काही लिहिता येत नाही. खाडाखोड झाली तर एका रेघेने खोडून शेजारी सही करायची. पांढरी शाई साइटवर ठेवूच नये. सण, आठवडी बाजार, पाऊस, गावातील मयत यामुळे काम बंद राहिले तर त्या तारखेवर आडवे ‘काम बंद’ लिहून कारण नोंदवायचे. हे इतके बारीक का, असे मुकादम विचारतो, आणि त्याने ते विचारायलाच हवे. त्याला कारण सांगावे: खंदकाची दरड कोसळून उद्या एखादा दबला, तर तो त्या दिवशी कामावर होता याचा पहिला पुरावा म्हणजे त्या सकाळचे मस्टर. त्यात नाव नसेल तर ‘‘हा बाहेरचा माणूस, कामावर नव्हताच’’ असे म्हणणारे भेटतात, आणि विधवेच्या हाती काही येत नाही. हे सांगितल्यावर मुकादमाचा पेन कसा चालतो ते मी अनेकदा पाहिले आहे. दंडाची भीती घातली तर तो तपासणीपुरते मस्टर भरतो. हे ऐकल्यावर तो रोज भरतो.

त्याच मस्टरवर आणखी एक हक्क उभा आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते कंत्राटदार देऊ शकतो. आपल्या देयकातून १ टक्का उपकर कापला जातो तो याच कामगारांच्या नावाने. पण नोंदणी नसलेल्या मजुराच्या घरी त्यातला रुपयाही पोहोचत नाही. खरे मस्टर असले की हे प्रमाणपत्र पाच मिनिटांत देता येते. ज्याने काम केलेच नाही त्याला मात्र, कोणाच्याही शिफारशीवरून, असे प्रमाणपत्र देऊ नये.

रोजी, चुकारा आणि उचल

किमान वेतनाचा दर दोन भागांचा असतो: मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. त्यामुळे मागच्या कामाचा दर डोक्यात ठेवून चुकारा करणारा कंत्राटदार नकळत कमी वेतन देणारा ठरतो. रोजगार हमीचा दर हा वेगळा दर आहे. तो दाखवून बांधकामावरच्या मजुराचे वेतन ठरवता येत नाही. चालू दर, कामाचे तास आणि चुकाऱ्याचा दिवस साइटवरच्या फलकावर मराठीत लिहावा, आणि टोळी छत्तीसगडची किंवा मध्य प्रदेशातली असेल तर हिंदीतही लिहावा. आठ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर असतो हेही त्यावर असावे.

‘गड्याची रोजी’ आणि ‘बाईची रोजी’ असे दोन भाव आपल्या शेतीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, आणि मुकादम तोच हिशेब घेऊन बांधकामावर येतो. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे आणि नव्या वेतन संहितेतही तो कायम आहे. याहून वाईट प्रकार म्हणजे मस्टरवर दोघांचा दर सारखा दाखवून हातात वेगळी रक्कम ठेवणे, कारण त्यात कमी वेतन आणि खोटी नोंद असे दोन गुन्हे होतात. माझ्या मते या एका मुद्द्यावर कंत्राटदाराने मुकादमाशी कसलीही तडजोड करू नये. सिमेंटची पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढणाऱ्या बाईच्या पाटीत माल कमी नसतो.

पैसे थेट कामगाराच्या खात्यात जावेत. संपूर्ण टोळीची रक्कम मुकादमाच्या खात्यात टाकण्याची पद्धत सोयीची वाटते, पण वेतन पोहोचवण्याची जबाबदारी कंत्राटदाराची राहते, आणि त्याने ती पाळली नाही तर विभाग मुख्य नियोक्ता म्हणून मजुरांना पैसे देऊन ते कंत्राटदाराच्या देयकातून वसूल करू शकतो. आठवडी चुकारा असेल तर तो साप्ताहिक सुटीच्या आधीच्या कामाच्या दिवशी व्हावा असा नियम आहे. आपल्याकडे सुटी बहुधा बाजाराच्या दिवशी असते, तेव्हा बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा ठेवला की कायदाही पाळला जातो आणि मजुराच्या घरी किराणाही येतो. मासिक वेतन असेल तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावे लागते, आणि काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत करावा लागतो.

उचलीविषयी मुकादमाला वेगळे बसवून सांगावे लागते. दिवाळीनंतर मेळघाटातील कोरकू टोळ्या किंवा झरी-जामणी, केळापूरकडील कोलाम कुटुंबे कामावर आणताना उचल दिली जाते, आणि ती मुकादमाच्या खिशातील लहान वहीत लिहिलेली असते. त्या वहीत काय लिहिले आहे हे मजुराला वाचता येत नाही आणि कंत्राटदाराला बघायला मिळत नाही. उचल देणे हा गुन्हा नाही. पण ‘‘उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही’’ हे वाक्य उच्चारले की ते १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाच्या कक्षेत येते. म्हणून ती वही बंद करावी. उचलीची नोंद वेतन नोंदवहीत, मजुराच्या सहीने किंवा अंगठ्याने, दोघांसमोर व्हावी. कपात दर चुकाऱ्याला किती होणार ते त्याला आधीच सांगावे. आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होणार नाहीत हे हिशेबनिसाने पाहावे. मजूर मध्येच निघून गेला तर राहिलेली उचल बुडीत समजावी किंवा कायदेशीर मार्गाने मागावी. त्याचे आधार कार्ड, बँकेचे पुस्तक किंवा बायको-मुले अडवून ठेवण्याचा विचारही मुकादमाच्या मनात येता कामा नये, आणि हे त्याला याच शब्दांत सांगावे.

खंदकाच्या काठावरचा धडा

सुरक्षेचे शिक्षण कार्यालयात देऊन उपयोग होत नाही. नळयोजनेच्या पाइपलाइनसाठी काळ्या मातीत खंदक खणला असेल, तर टोळीला त्याच्या काठावर न्यावे. काठापासून हातभर अंतरावर, खंदकाला समांतर अशी एखादी भेग शोधावी. पहिल्या पावसानंतर किंवा भर उन्हाळ्यात माती वाळल्यावर ती हमखास सापडते. सुरुवातीला तीत सुतळी जेमतेम जाते. एका मजुराला तीत काडी घालायला सांगावे आणि ती किती खोल गेली ते सगळ्यांना पाहू द्यावे. अशी काडी वीतभर आत गेलेली मी पाहिली आहे, आणि तोवर हसत उभी असलेली टोळी त्या क्षणी दोन पावले मागे सरकली. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि आकसताना ती उभ्या चिरेने सुटते. ही भेग दिसली की खंदकात कोणीही उतरायचे नाही, आणि आत असतील त्यांनी वर यायचे.

त्याच ठिकाणी दोन मापे पाठ करून घ्यावीत. दीड मीटरपेक्षा खोल खंदकाला, खडक नसेल तर, फळ्या आणि आडव्या टेकूंचा आधार द्यावा लागतो. आणि उपसलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांतील जे जास्त असेल तितक्या अंतरावर टाकावी लागते. मीटर मुकादमाच्या लक्षात राहत नसेल तर मापाची एक काठी कापून तिला रंग द्यावा आणि ती साइटवर ठेवावी. शिडी काठाच्या वर एक मीटर यावी, म्हणजे चढणाऱ्याला धरायला आधार मिळतो. रस्त्यालगतच्या खंदकाला रात्री लाल दिवा आणि दोरी लागते, कारण खेड्यात अंधारात सायकलवरून येणाऱ्याला खंदक दिसत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. या दिवसांत पाळी पहाटे सहाला सुरू करून अकरा-साडेअकराला थांबवावी आणि राहिलेले काम चारनंतर घ्यावे. सावलीचा मांडव, माठातील पाणी आणि ओआरएसच्या पुड्या यांचा खर्च कामाच्या हिशेबात पहिल्यापासून धरावा. घाम थांबला, बोलणे अडखळू लागले, माणूस भलतेच बोलू लागला की तो ‘‘भोवळ आली, बसेल जरा’’ म्हणून सोडून द्यायचा नाही. सावलीत आणून अंगावर पाणी टाकायचे आणि १०८ क्रमांकावर फोन करायचा. हा क्रमांक प्रत्येकाकडून तोंडपाठ म्हणवून घ्यावा, आणि रुग्णवाहिकेला साइटचा पत्ता कसा सांगायचा, कोणत्या फाट्यावर कोण उभे राहणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. अपघात झाल्यास मुकादमाने आधी १०८ ला, मग कंत्राटदाराला आणि कंत्राटदाराने लगेच शाखा अभियंत्याला कळवायचे. मस्टरला त्यानंतर कोणी हात लावायचा नाही.

बायांचा प्रश्न बायांनाच विचारा

साइटवर दहा किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनेला लैंगिक छळ प्रतिबंधासाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. दहांपेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. २०१३ च्या या कायद्याची माहिती पुरुष मुकादमाने टोळीसमोर वाचून दाखवली की बाया पदर तोंडाला लावून हसतात आणि विषय तेथेच संपतो. म्हणून गावातील आशा ताई, बचतगटाच्या अध्यक्ष किंवा ग्रामपंचायत सदस्य असलेल्या एखाद्या ताईंना विनंती करून बायांशी वेगळे बोलायला सांगावे. त्यातून नेहमी दोनच गोष्टी आधी बाहेर येतात: शौचाला आडोसा नाही, आणि तान्हे लेकरू ठेवायला जागा नाही. पन्नास कामगारांच्या वर पाळणाघराची तरतूद आहे. त्याहून लहान कामावरही मिक्सरपासून दूर, सावलीत झोळी बांधायला एक जागा आणि लेकरांजवळ बसायला एक म्हातारी बाई ठेवणे कोणत्याही कंत्राटदाराच्या आवाक्यात आहे.

मुरमाची गाडी

चालकाच्या प्रशिक्षणाला अर्धा तास पुरतो. गौण खनिजाचा वाहतूक पास गाडीसोबत हवा, त्यावरचा गाडी क्रमांक, ब्रास (मालाचे घनफळ) आणि वेळ जुळली पाहिजे, आणि एका पासावर दुसरी खेप करायची नाही. पास नसलेली गाडी तहसीलदारांच्या पथकाला सापडली तर ती जप्त होतेच, शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पास जमा केले नाहीत तर स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) रक्कम देयकातूनही कापली जाते.

पूर्व विदर्भात याखेरीज एक गोष्ट मुकादमाला आणि चालकाला आवर्जून शिकवावी लागते, आणि ती म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या नावाने नोंदलेली आहे, आणि ती वनजमीनच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. डोळ्यांना ती ओसाड, खुरट्या बोरी-बाभळींची, गावाच्या गायरानासारखी दिसते, आणि ‘‘इथला मुरूम तर सगळेच नेतात’’ असे गावकरीही सांगतात. म्हणून जेसीबी लावण्यापूर्वी त्या गटाचा सातबारा तलाठ्याकडून काढून आणावा, आणि मुकादमाला तो वाचायला शिकवावा.

कोणी पैसे मागितले तर

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. मुकादमाला एवढेच सांगावे की साइटवर कोणी काही मागितले तर त्याने हो किंवा नाही म्हणू नये, वस्तू किंवा पैसे देऊ नयेत, आणि लगेच कंत्राटदाराला कळवावे. पुढचा निर्णय कंत्राटदाराचा, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्याच्यासाठीच आहे. ज्याचे मस्टर आणि चाचणी अहवाल सरळ आहेत, त्याला हा फोन करताना हात थरथरत नाही; ज्याच्या मस्टरमध्ये पोळ्याची हजेरी आहे, तो घाबरतो.

शिकवल्याची नोंद आणि पुन्हा शिकवणे

प्रत्येक शिकवणीची नोंद एका वेगळ्या वहीत ठेवावी: तारीख, विषय, कोणत्या भाषेत सांगितले, कोणी सांगितले आणि हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे. भाषेचा रकाना मुद्दाम ठेवावा. गडचिरोलीत माडिया, मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या दक्षिणेला कोलामी बोलणाऱ्या मजुरासमोर शुद्ध मराठीत दिलेली सूचना मान डोलावून ऐकली जाते आणि पोहोचत नाही. टोळीतील जो दोन्ही भाषा बोलतो त्याच्याकडून सांगून घ्यावे, आणि मग ऐकणाऱ्यांपैकी एकाला तेच परत सांगायला लावावे; त्याने सांगितले तेवढेच पोहोचले असे समजावे. रोज सकाळी हजेरीच्या वेळी पाच मिनिटे एकच विषय घ्यावा. सोमवारी खंदक, मंगळवारी वीजवाहिनी, स्लॅबच्या आदल्या दिवशी सेंटरिंग, असा कामानुसार विषय निवडावा. पावसाळ्याआधी आणि मार्चअखेरीच्या घाईत ही पाच मिनिटे सर्वांत आधी गाळली जातात, आणि अपघात होण्याचे दिवसही तेच असतात.

चालू देयकासोबत त्या काळातील मस्टरची, वेतन नोंदवहीची, निधी भरण्याच्या चलनाची आणि या वहीची छायाप्रत जोडण्याची सवय लावावी. मागितली नसली तरी जोडावी. मूळ कागद दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत एका पेटीत कामाच्या नावाने ठेवावेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांसाठी हा कालावधी पाच वर्षांचा आहे, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत तोवर उधई लागू शकते, म्हणून स्कॅन करून एक प्रत घराबाहेरही ठेवावी.

होळीला मेळघाटातील टोळ्या गावी जातात आणि साइट आठ-पंधरा दिवस ओस पडते. परत येताना टोळीत चारपाच नवे चेहरे असतात, आणि जुन्यांपैकी काही कापसाच्या किंवा विटांच्या कामाला दुसरीकडे लागलेले असतात. त्या पहिल्या सकाळी काम तासभर उशिरा सुरू झाले तरी चालेल. नव्या माणसांची आधारवरची नावे मुकादमाने स्वतःच्या हाताने लिहावीत, गेलेल्यांच्या नावापुढे हिशेब पूर्ण झाल्याची तारीख टाकावी, आणि मग काडी घेऊन सगळ्यांना पुन्हा एकदा खंदकाच्या काठावर न्यावे.